आमचे साडू आणि त्यांच्या दोन डिस्क

एकुलत्या एक वस्तूला आमच्या साडूंइतका भिणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान पाथर्डीत फोटो स्टुडिओ चालवतात. चष्मे दोन, छत्र्या दोन, स्टुडिओच्या कुलपाच्या किल्ल्या दोन, आणि त्या दोन्ही किल्ल्या एकाच करगोट्याला. असं का, हे विचारायची सोय नाही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला अगदी सारख्या दोन बाहुल्या घेऊन आले. "पाव्हणं, एक मोडली तर पोरीनं रडायचं का?" मुलीनं दोन्ही संध्याकाळपर्यंत मोडल्या, ती गोष्ट वेगळी.

अशा माणसाला कुणीतरी सांगितलं की संगणकात दोन डिस्क बसवता येतात आणि एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही उमटतं. मग काय विचारता! ही सोय म्हणे संगणकाच्या बोर्डातच असते. मशीन चालू होताना बटण दाबून काळ्या पडद्यावरच्या यादीत शिरायचं, दोन्ही डिस्क निवडायच्या आणि 'मिरर' म्हणायचं. साडूंनी हे काम चपला बाहेर काढून, हात धुऊन केलं. 'डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल' अशी सूचना आली तेव्हा साक्षीदार हवेत म्हणून मेहुणीबाईंना आणि शेजारच्या टेलरला, दोघांनाही बोलावून घेतलं. मी एकदा शहाणपणा करून म्हणालो, "पण साडू, चुकून फोटो पुसलात तर तो दोन्हीकडून जाईल की!" महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मी हसायचो, पण त्या डिस्कवर जे होतं ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं. दसरा सरला की पाथर्डीच्या वाड्यावस्त्यांवरून घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात आणि म्हातारी माणसं मागे राहतात. निघण्याआधी बरेचजण सगळ्यांचा मिळून फोटो काढतात आणि "आल्यावर नेतो" म्हणून गाडीत बसतात. गेल्या वर्षी असाच फोटो काढून गेलेला नामदेव हंगाम अर्धा टाकून परत आला. त्याचा बाप गेला होता, आणि तो पोचेपर्यंत पुतण्यानं अग्नीही देऊन टाकला होता.

"भाऊ, आण्णांचं त्वांड बी दिसलं न्हाई मला," तो साडूंना म्हणाला. "मोबाईल उसाच्या फडात गेला. आधारकार्डावर तर वळखू बी येत न्हाईत. दहाव्याला ठिवायला तुमच्याकडला त्येवडा एकच फोटो हाय."

आणि साडूंचं मशीन आदल्याच दिवशी विजेच्या झटक्यानं बंद पडलं होतं.

दोन्ही डिस्क धडधाकट होत्या. जळला होता तो बोर्ड, ज्यानं ही जोडी जमवली होती. नवा बोर्ड निराळ्या कंपनीचा, त्याला जोडी ओळखूच येईना. 'डिस्क कोऱ्या आहेत, नव्यानं तयार करू का?' एवढंच तो विचारत राहिला. एकदा 'हो' म्हटलं असतं तर आण्णा कायमचे गेले असते. साडू फोनवर रडकुंडीला आले होते. "सगळं दोन-दोन घेतलं पाव्हणं, बोर्ड तेवढा एकच घेतला की वो!" एरवी मी सोडलं नसतं, पण त्या दिवशी चेष्टा सुचली नाही.

तसला जुना बोर्ड दुकानात मिळेना. शेवटी कोपरगावात शाळेवर असलेला माझा मित्र म्हणाला, आमच्या अडगळीत तसंच एक मशीन पडलंय. आण्णा गेल्याच्या आठव्या दिवशी साडू, नामदेव आणि मी एसटीनं निघालो. डिस्क टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवल्या होत्या, आणि तो डबा पोटाशी धरून साडू नगरपासून कोपरगावपर्यंत उभे. बसलं की धक्के जास्त लागतात म्हणे. कंडक्टरनं सांगून सांगून हात टेकले.

शाळेत धूळ झटकून मशीन जोडलं. काळ्या पडद्यावर दोन डिस्कची नावं उमटली आणि त्यांच्यासमोर हिरव्या अक्षरांत 'नॉर्मल'. साडूंनी माझा दंड असा आवळला की चार दिवस वळ होता!

फोटो उघडला. नामदेव, त्याची बायको, पोरं सगळी ताठ उभी राहून समोर बघत होती. आण्णा तेवढे मान वळवून बाजूला. साडू ओशाळले.

"चार येळा म्हनलो त्येंला, हिकडं बघा, हिकडं बघा. आयकंनातच. माफ कर बाबा, चांगला न्हाई आला."

नामदेव पडद्याजवळ वाकला.

"माज्याकडं बघत्यात," तो म्हणाला. "भाऊ, आण्णा माज्याकडं बघत्यात."

आणि तिथंच फरशीवर बसून तो ढसाढसा रडला. आम्हीही रडलो, खोटं कशाला सांगू.

दहाव्याला तोच फोटो ठेवला. यंदा दसऱ्यानंतर मी सहज स्टुडिओत बसलो होतो. एक घर फोटोला उभं होतं, आणि त्यातली म्हातारी काही केल्या लेकावरची नजर काढेना. सून वैतागून म्हणाली, "आत्याबाई, क्यामेऱ्याकडं बघा की!"

साडू कॅमेऱ्यामागून हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. बघू दे त्येंला."