नळाची वेळ

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी नाशकात एका गल्लीत खोली घेऊन राहत होतो. माझं गाव हरसूलच्या पुढे, डोंगरात. घरात अक्षर ओळखणारा मी पहिलाच, त्यामुळे पत्र धाडलं तरी ते वाचायला घरी कुणी नव्हतं. दिवसचे दिवस मी कुणाशी बोलत नसे.

गल्लीत म्युनिसिपालिटीचा एकच नळ होता. वरच्या अंगाला भिक्षुकांची आणि कारकुनांची घरं, खालच्या अंगाला मुसलमान विणकरांची. पाणी कधी सोडावं यावरून रोज कुरबुर चाले. म्युनिसिपालिटीतले आमच्या भागाचे सभासद वकील होते. त्यांच्याकडे मी संध्याकाळी लिहायचं काम करी. दोन्हीकडच्यांना बोलावून, विचारून वेळ ठरवायची असं त्यांनी मनावर घेतलं. मला ते फार बरं वाटलं.

"नोटीस तुम्हीच लिहा. वारही तुम्हीच घाला," ते म्हणाले.

मी लिहिलं, शुक्रवार, दुपारी एक. त्या वेळी मला तास नसे.

सभेला वरच्या अंगाचे झाडून सगळे आले. खालचं एकही माणूस आलं नाही. पाणी सकाळी सहा ते आठ, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या विणकराने मला दारातूनच हाक मारली.

"मास्तर, बोलावलंत खरं. पण आम्ही मशिदीत असू ती वेळ बघून बोलावलंत."

"मला ठाऊक नव्हतं, चाचा."

"शुक्रवारची नमाज ठाऊक नाही? मग कॉलेजात शिकवतात तरी काय?" ते हसले, पण डोळे हसत नव्हते. "पुढच्या महिन्यात रमजान. उजाडायच्या आत आमच्या चुली पेटायच्या. सहाला पाणी आलं तर घरातल्या बायांनी काय करायचं?"

संध्याकाळी वकीलसाहेबांसमोर मी ती नोटीस ठेवली. मग चूक सांगितली.

"म्हणजे तुमच्या तासावर गल्लीचं पाणी?" ते म्हणाले. "आता सभा नको. दारोदार जाऊन विचारा."

तीन दिवस मी दारोदार फिरलो. वरच्या अंगाला आंघोळीचं, सोवळ्याचं पाणी उजाडल्यावर हवं होतं. खालच्यांना पहाटे चारला, तेही रोज्यांपुरतं. दोघांचं एकमेकांच्या आड येतच नव्हतं. एवढंच कुणी कुणाला विचारलं नव्हतं. नळाची चावी फिरवणारा माणूस महिनाभर लवकर उठायला तयार झाला, आणि म्युनिसिपालिटीने तशी वेळ बांधून दिली.

नवी वेळ सांगायला मी चाचांकडे गेलो. त्यांनी हातमाग थांबवला.

"सगळ्यांचं लिहून घेतलंत. तुम्ही पाणी कधी भरता?"

गल्लीत आलो त्याच आठवड्यात माझी जात विचारून झाली होती, आणि तेव्हापासून मी नळाशी गेलो की वरच्या अंगाच्या बाया घागरी बाजूला ओढत. म्हणून मी सगळे गेल्यावर, पाणी जायच्या सुमारास, उरलेल्या बारीक धारेखाली कळशी धरी.

"सगळे गेल्यावर," मी म्हणालो.

रमजानच्या पहिल्या पहाटे कडी वाजली. दार उघडलं तर कंदील घेऊन चाचा उभे होते.

"कळशी घ्या, मास्तर. पाणी सुटलंय."