छोटीचा टाहो

पाळणाघराच्या मावशी प्रत्येक मुलाच्या वहीत रोज लिहून द्यायच्या: काय खाल्लं, किती झोपलं, कसं रडलं. नुसतं ‘रडलं’ लिहून त्यांचं भागत नसे. भूक लागली की किरकिर, खेळणं हिसकावलं की भोकाड. पडल्यावर कुणी बघतंय याची खात्री करून काढलेला तो गळा. एका बापाने विचारलंही होतं, “मावशी, आमच्या कार्ट्याचे सगळेच प्रकार आहेत, फीमध्ये काही सूट?”

छोटीच्या वहीत मात्र महिनाभर रडण्याची ओळ कोरी. सव्वा वर्षाची पोर. पडली की उठायची, हातातलं कुणी ओढलं की दुसरं घ्यायची. आई दिसेनाशी झाली तरी गप्प.

“किती गुणी ना?” आई कौतुकाने म्हणायची. “आजीकडे ठेवली, आत्याकडे, शेजारणीकडे, परत आजीकडे. कुठ्ठे त्रास नाही दिला.”

मदतनीस बाईंचंही तेच. “सोन्यासारखं पोर आहे. बाकीचे दहा कमी आहेत का बोंबलायला?”

“अहो, रडून बोलावलं की कुणी येतं हे ठाऊकच नाही तिला,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या जिवाला घोर लागला होता. त्या तिला काखोटीला मारूनच भाजी निवडायच्या, फोनवर बोलायच्या. आणि एक दिवस त्यांनी आईला दारातच गाठलं.

“ती खेळात रमली की हळूच सटकतेस ना?”

“रडू नये म्हणून हो.”

“उद्यापासून सांगून जायचं. सहाला येते म्हणायचं, आणि सहाला यायचं.”

“आणि रडली तर?”

“तर रडू दे की.”

आठ दिवस आई उकिडवी बसून सांगत होती, छोटी भिंतीकडे बघत होती. नवव्या दिवशी दार लागलं आणि आतून आवाज फुटला. किरकिर नाही, भोकाड नाही. टाचांपासून टाळूपर्यंत सगळं अंग लावून, दाराकडे दोन्ही हात पसरून. दहाही पोरं खेळायची थांबली.

आई दोन-दोन पायऱ्या चढत परत आली. “काय झालं? लागलं का तिला?”

“काही लागलं नाही. याला टाहो म्हणतात,” मावशींचे डोळे भरले होते. “तो कुणासाठी तरी फोडलेला असतो. तुझ्यासाठी फोडलाय.”

“मग आज रजाच टाकते मी.”

“खबरदार. पापा घे, सहाला येते म्हण, आणि नीघ.”

आईने तसंच केलं, पण स्वतःच स्फुंदत. छोटी आता दुप्पट जोराने.

“झालं,” मदतनीस बाईंनी कपाळाला हात लावला. “आता अकरा.”

मावशींनी तिला उचलून खिडकीशी नेलं. आई खाली फाटकाला धरून उभी.

“जा गं, बस चुकेल तुझी,” मावशी ओरडल्या. त्या टाहोच्या वर आवाज चढवता चढवता त्यांचा घसा बसला तो संध्याकाळपर्यंत.