फिल्टरमधून आलेलं थंड पाणी

शिवडीच्या आमच्या गाळ्यात रंगाची पावडर बनते. आधी टाकीत तिचा लगदा होतो आणि त्या लगद्यात मीठ असतं. ते गरम पाण्याने धुऊन काढायचं, मग माल सुकवायचा, दळायचा. मीठ राहिलं तर रंग दिलेल्या पत्र्याला पुढे फोड येतात आणि गिऱ्हाईक पोती परत पाठवतं. मी तिथे केमिस्ट. फिल्टरमधून निघालेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे; मीठ असेल तर पाणी दुधासारखं होतं, नसेल तर नितळ राहतं. नितळ दिसलं की मी "झालं" म्हणायचं.

आमचा जुना फिल्टर म्हणजे एक मोठा उघडा टब, तळाला कापड. सकाळी धुवायला घेतलेला माल दुपारच्या चहापर्यंत धुतच असायचा. म्हणून मालकांनी नवा फिल्टर घेतला. एकाला एक चिकटून उभ्या प्लेटा, त्यांच्यावर कापड. पंपाने लगदा आत ढकलायचा. पाणी कापडातून बाहेर, पावडरच्या वड्या आत. मग त्या वड्यांतून गरम पाणी सोडायचं.

तो बसवायला विकणाऱ्या कंपनीचा इंजिनियर आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, वाक्यागणिक "मॅडम". पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, "मॅडम, आता तुम्ही चहा प्यायला जाल आणि परत याल तोवर माल धुतलेला असेल."

आणि तसंच झालं. मी वर लॅबमध्ये होते, इंजिनियरच पाण्याची बाटली घेऊन आला. थेंब टाकले. नितळ. मी "झालं" म्हटलं आणि मालकांनी खाली जाऊन फिल्टरला हार घातला.

मला पटेना. तोच लगदा, तेच मीठ, मग इतक्या लवकर गेलं कुठे? शिवाय बाटली मी भरलेली नव्हती.

फिल्टर चालवायला मामा होते; सगळेच त्यांना मामा म्हणायचे. लालबागचे, मूळचे मालवणकडचे. मी नोकरीला लागले तेव्हापासून मला "गो बाय" म्हणणारे. त्या संध्याकाळी गेटबाहेरच्या टपरीवर ते आणि इंजिनियर हसत उभे दिसले. मी जवळ गेले तसे दोघेही गप्प झाले. मामांनी माझ्यासाठी चहा सांगितला, पण माझ्याकडे बघितलं नाही. घरी जाताना भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला माझ्या मनात पहिल्यांदा आलं, मामासुद्धा?

पुढच्या खेपेला मी आधीच खाली जाऊन नळाशी उभी राहिले.

"मॅडम, इथे वाफ आहे, तुम्ही कशाला त्रास घेता? बाटली मी आणतो ना," इंजिनियर म्हणाला.

"असू दे. आज मीच भरते."

मी बाटली भरली. काच थंड होती. प्लेटांना हात लावला तर चटका बसला. आत जाणारं पाणी गरम, प्लेटा गरम आणि बाहेर येणारं पाणी थंड?

 फिल्टर उघडल्यावर वडीच्या मधल्या भागाचा एक तुकडा घेतला, लॅबमध्ये शुद्ध पाण्यात घुसळला, गाळला आणि थेंब टाकले. पाणी पांढरंफटक.

जेवणाच्या सुट्टीनंतर दुसरा घाणा लागला. पाणी सुरू झाल्यावर मी फिल्टरच्या मागच्या बाजूला गेले. भिंत आणि फिल्टर यांच्यात जेमतेम अंग शिरेल एवढी जागा. थंड शुद्ध पाण्याच्या लाइनमधून एक बारीक पाइप निघून नळाच्या अलीकडेच येऊन मिळाला होता. त्याचा वॉल्व अर्धा उघडा होता; म्हणजे बाटलीत मुख्यतः हेच पाणी भरत होतं. मी तो बंद केला, पुढे येऊन बाटली भरली. ती गरम होती. सगळ्यांसमोर थेंब टाकले. दूध.

"तो लाइन साफ करायला दिलाय, मॅडम," इंजिनियर म्हणाला. "चुकून उघडा राहिला असेल."

"प्रत्येक वेळी?"

त्याने मामांकडे पाहिलं. मामा भडकले. "माझ्याकडे काय बघतोस रे? मागे जायचं नाय, शॉक लागंल, असं तूच बोललास ना मला?"

मालक मध्ये पडले. "जाऊ दे ना, असेल चूक." मी म्हटलं, तो पाइप आत्ता कापा, नाहीतर मी यापुढे "झालं" म्हणणार नाही. मालकांनी एकदा फिल्टरवरच्या हाराकडे पाहिलं. मग त्यांनी वेल्डरला बोलावलं.

आधीचा सगळा माल आम्ही परत धुतला. फिल्टर वाईट नव्हता. प्लेटा पुरत्या भरल्या आणि पाणी सावकाश सोडलं तर चांगलं धुतो. फक्त चहा पिऊन होईपर्यंत नाही. इंजिनियर नंतर आला नाही, त्याच्या कंपनीने दुसरा पाठवला. वॉल्व मुद्दाम उघडला होता की खरंच राहून गेला, हे कुणी कबूल केलं नाही.

मामांशी बोलणं मात्र राहिलं होतं. एका दुपारी कापडं धुता धुता त्यांनी विचारलं, "माझ्यावर पण संशय होता ना तुझा?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "होता. टपरीवर काय चाललेलं तुमचं?"

"दुसऱ्या कारखान्यात मोठा फिल्टर आहे, तिथं कामाला चिकटवतो बोलला तो. तुला सांगायची लाज वाटली." त्यांनी कापड पिळलं. "आणि माका पण तुझो संशय इल्लो. तू 'झालं' म्हटलंस ना त्या दिवशी. मला वाटला, तेना तुकाच फितवल्यान."

 एवढे दिवस मी त्यांच्यावर नजर ठेवून होते आणि ते माझ्यावर.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?" ते म्हणाले आणि कापडाचं दुसरं टोक माझ्यापुढे केलं. मी हातमोजे चढवले, ते धरलं आणि दोघांनी मिळून पिळून काढलं.