पॉलिश पेपर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण उद्या घरात सांगायचं आहे, आणि त्याआधी एकदा तरी ते सरळ बाहेर पडायला हवं.

घरात माझी ख्याती नीटनेटकेपणाची. कोणता डबा कुठे, कुणाचं औषध कधी, पेरणीआधी काय काय आणायचं — सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. अशा बाईच्या हातून वस्तूची नासाडी होईल, असं कुणाच्या मनात तरी येईल का? आलंच नाही. तेच तर.

आमच्या पोशीरच्या घरात सासऱ्यांची जुनी छऱ्यांची बंदूक होती. परदेशी बनावटीची, नळी बिजागरीवर खाली वाकवून छर्रा भरायची. धाकटे दीर, दत्ताभावजी, तिला जिवापाड जपत. मामंजी ती त्यांनाच देणार होते. फक्त वाटणी सरळ व्हावी म्हणून आधी किंमत कळू दे, म्हणाले. दसऱ्याला खालापूरहून जुन्या बंदुकांचा एक जाणकार यायचा होता.

आदल्या दिवशी खंडेनवमी. पूजेसाठी कोयते, विळे, पहार मी परसात बसून लख्ख घासते. बंदूक तेवढी भावजींची. त्यांनी ती रविवारीच तेल लावून कापडात गुंडाळून ठेवली होती. नवमीला त्यांची ड्युटी होती. मी कापड सोडून पाहिलं. किंमत करायला माणूस येणार, आणि ही अशी काळपट? पॉलिश पेपर हातात होताच. घासली. काळी-निळी झाक गेली, खालून पांढरं लोखंड निघालं आणि मला — लिहितानाही लाज वाटते — मला फार बरं वाटलं. पूजेत ती झेंडूच्या फुलांखाली होती. कुणी नीट पाहिली नाही.

जाणकाराने दुसऱ्या दिवशी नळी खाली वाकवून स्प्रिंगचा आवाज ऐकला, लाकूड पाहिलं, आतल्या दट्ट्याचं चामडं मूळचंच आहे म्हणून खूश झाला. मग नळी उजेडात धरली.

"हे कोणी केलं? मूळ रंग गेला, बनवणाऱ्याचा शिक्का पुसला. शौकीन माणूस याच दोन गोष्टींना मोल देतो. आता ही भिंतीवर टांगा."

मामंजींनी भावजींकडे पाहिलं. "तुझ्याबिगर तिला हात कोण लावतं रं?"

"आबा, मी नाय केलं. आईशप्पथ."

"मग काय, बंदूक आपली आपण आंघोळ करून आली?" माझे यजमान म्हणाले. सगळे हसले.

मी चहाचे कप गोळा करत होते. भावजी माझ्याकडे वळले. "वयनी, तुमी तरी सांगा यांना."

त्यांना संशय होता का? मला नाही वाटत. वहिनीला घरातलं सगळं ठाऊक असतं, एवढाच त्यांचा भरवसा. आणि मी — मी काय म्हणाले?

"जाऊ द्या ना भावजी. होतं एखाद्याच्या हातून."

गप्प बसले असते तरी एक वेळ ठीक होतं. मी त्यांना चारचौघांत माफ करून टाकलं — माझ्या चुकीबद्दल.

बंदूक आमच्या वाट्याला आली. भावजी दहिवलीला राहायला गेले. येतात ते पाहुण्यासारखे. मामंजी अजून म्हणतात, बंदुकीचं काय नाय, पण पोरगं तोंडावर खोटं बोललं.

उद्या पुन्हा खंडेनवमी आहे. भावजींना मीच फोन करून बोलावलंय. "काय काम हाय वयनी?" त्यांनी विचारलं. "या तर खरं," म्हटलं. मामंजी पाटावर बसले की पूजेच्या आधीच बोलणार आहे, सगळ्यांसमोर. गडबडीत होते, मला कळत नव्हतं — असलं काही सांगणार नाही. कळत नव्हतं ते घासताना. भावजींकडे बघून ते वाक्य बोलले, तेव्हा मला सगळं कळत होतं.