दिगूचं पितळी बटण

माणूस मेला की त्याचे किस्से वाढतात. दादा गेला तेव्हापासून आमच्या ओट्यावर जो येतो तो चहा पितो अन् एक किस्सा ठेवून जातो. सुखदेव असा म्हणाला, सुखदेव तसा हसला. अर्धे तर निव्वळ खोटे! ज्याच्याशी दादा कधी दोन शब्द बोलला नाही तोही डोळे पुसत सांगतो, "सुखदेव अन् मी म्हंजे एका ताटात जेवणारे!"

मग मीच काहून गप्प बसू? मी त्याचा सख्खा धाकटा भाऊ. खरे किस्से माझ्याजवळ आहेत. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे लिहिणं सरळ होईल, गोड होणार नाही. अन् हे किस्से गोड नाहीतच. प्रत्येकात तो दिगू आहे.

*

आधी खेळ सांगतो, नाहीतर काही समजणार नाही.

अकोल्यात रहीम मास्तरांचं टेलरिंगचं दुकान. दादा तिथं कोट शिवायचा, मी काज-बटण करायचो. संध्याकाळी गिऱ्हाईक सरलं की मास्तर दाराची एक फळी लावून घेत अन् दादा कापड कापायच्या टेबलावर खडूनं राज्य काढायचा. नदी, गावं, जंगल, मधात बाळापूरसारखा किल्ला. त्याला सात दरवाजे. आम्ही प्रत्येकानं एक एक बटण घ्यायचं. ते बटण म्हणजे आपण. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जी निघंल त्यानं ते व्हायचं. राजा, प्रधान, सेनापती, चोर. लढाई झाली, नदी ओलांडायची असली की कवड्या टाकायच्या; उताण्या जास्त पडल्या की जमलं. बाकी सगळं दादा सांगायचा. आकाशात ढग आहे की नाही इथपासून घोडा लंगडतो का इथपर्यंत!

गोष्ट एकच होती. राज्यातली नदी आटली, सगळं पाणी सातव्या दरवाजाच्या आत कोणीतरी कोंडून ठेवलं. तिथं पोचायचं. सातव्या दरवाजाचा दादाचा एक कायदा होता : सगळी बटणं एकत्र लागली तरच तो उघडते. एक जरी मागं राहिलं, तर उघडत नाही.

आत काय आहे हे दादानं मलाही कधी सांगितलं नाही. "पोचलो तर समजंल," म्हणायचा. त्याची एकच इच्छा होती. एक वेळ तरी गोष्ट शेवटाला जावी.

खेळणारे आम्ही दोघं भाऊ, रहीम मास्तर, कोर्टातले कारकून वानखडेबाबू. अन् बाजूच्या सायकल दुकानाचा मालक दिगंबर. दिगू.

*

दिगू पहिल्या दिवशी आला तोच स्वतःचं बटण घेऊन. कोण्या साहेबाच्या जुन्या कोटाचं, पितळेचं, रुपयाएवढं! आमची बटणं बिचारी शिंपल्याची.

"मी राजा," तो म्हणाला.

"चिठ्ठी टाक," दादा म्हणाला.

"अबे, आमच्या आज्याच्या घरी पाटीलकी होती!"

"असंल. ह्या राज्यात राजा चिठ्ठीवर होते."

चिठ्ठी निघाली. चोर! दिगूचं तोंड असं झालं की वानखडेबाबूंना खोकल्याचं सोंग करावं लागलं. तो मुकाट्यानं खेळला. आम्हाला वाटलं, सुधारला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर कवड्या गायब, चिठ्ठ्या गायब, मास्तरांची कात्री गायब! मास्तर तेवढा दिवस गिऱ्हाइकांना हात जोडत बसले. संध्याकाळी दिगू शीळ वाजवत आला अन् सगळं टेबलावर ओतलं.

"काहून नेलं बे?" दादानं विचारलं.

"तूच चोर केलं न मले? मंग चोरी नाही करू तं काय भजन करू?"

*

एकदा दादानं कित्येक दिवस डोक्यात घोळवून एक म्हातारी काढली. कोटाच्या बाहीला टाके घालता घालता तो तिच्या आवाजात पुटपुटत बसे, मी ऐकलं आहे. किल्ल्यात शिरायची चोरवाट फक्त तिलाच माहीत. आम्ही जंगलात झोपडीपाशी पोचलो. दादानं आवाज कापरा केला, "ये गा लेकरा, बस. दुरून आला रे..."

दिगू त्या दिवशी सेनापती होता.

"मी तिची मुंडी उडवली," तो म्हणाला.

वानखडेबाबू म्हणाले, "अहो, चौकशी नाही, साक्ष नाही!"

"कवड्या टाक," दादा हळूच म्हणाला. त्याला वाटलं, वार हुकंल. दिगूनं टाकल्या. सगळ्या उताण्या! म्हातारी मेली, चोरवाट तिच्यासंगं गेली, गोष्ट तिथंच बसली.

"अबे, म्हातारीले काहून मारलं?" मी ओरडलो.

"लय बोलून राहिली होती!"

त्या रात्री दादा जेवला नाही. ओट्यावर लोक सांगतात, सुखदेव सदा हसतमुख. सांगोत.

*

दिगूला शिक्षा म्हणून दादा कैदेत टाकायचा. किल्ल्याच्या कोपऱ्यात खडूचा एक चौकोन होता, तो तुरुंग. पितळी बटण त्यात ठेवायचं. दिगू उठून समोर चहा पिऊन यायचा, अन् येता येता बटण उचलून बाहेर.

"पळालो!"

"कसा पळाला? कवडी टाकली नाही, काही नाही."

"भिंत कच्ची होती."

"अबे, बाळापूरचा किल्ला हाये तो! शेकडो वर्षांची भिंत!"

"मंग ठेकेदारानं चुना खाल्ला असंल."

मास्तर हसून हसून खाली बसले. दादालाही हसू आलं, ते खरं आहे. पण दिगू दर वेळी हेच करायचा. कैदेत टाका, भिंत कच्ची! पायात बेड्या घाला, लोहार फितूर! एकदा दादानं त्याला आंधळ्या विहिरीत उतरवलं, तर म्हणतो, "मी उलटा चढलो." एवढ्या वर्षांत दिगू एका घडीसाठीही कैदेत राहिला नाही.

मी दादाला म्हटलं, "काढून टाक त्याले खेळातून."

"काढला तं सातवा दरवाजा कसा उघडंल?"

"कायदा बदल न मंग! कायदा तुहाच हाये."

दादा म्हणाला, "माह्या सोयीनं बदलला तं तो कायदा कायचा?"

असा होता. कोण्या कामाचा नाही असा शहाणपणा!

*

चीनच्या लढाईचे दिवस. संध्याकाळी दुकानात कंदील बारीक करून आम्ही बसलेलो. वानखडेबाबू राजा झाले होते अन् अंगात आल्यासारखे ओरडत होते, "उत्तरेकडची फौज घाटात उतरवा! पूल उडवा!"

फळीच्या फटीतून पोलिसाचं डोकं आत आलं. टेबलावर नकाशा, नकाशावर बटणं!

"हे काय चालू हाये?"

"खेल है साहब," मास्तर म्हणाले. वानखडेबाबू सरकारी नोकर, ते तर इस्त्रीच्या टेबलाखालीच गेले.

अन् दिगू बोलला. "खेळ कायचा साहेब! हा सुखदेव रोज फौजा हालवते. आमाले तं बसाचं भेव वाटते!"

त्याला गंमत वाटली. पोलिसाला नाही वाटली. दादाला चौकीत नेलं, बटणांसकट. जमादारानं एक एक बटण हातात धरून विचारलं, "हे कोण?"

"प्रधान."

"अन् हे?"

"माहा भाऊ."

"अन् हे मोठं, पितळेचं?"

दादाला सांगता आलं असतं, हा खरा बदमाश, ह्याला धरा. म्हणाला, "तो सेनापती. जरा तापट हाये."

पाठीत दोन ठोसे खाऊन दादा परत आला. दिगू दुकानाच्या पायरीवर बसलेला होता. दादाला पाहिलं अन् म्हणाला, "पाह्य, मी कवा बी पळतो. तुले एक डाव पळता आलं नाही!"

*

एवढं सगळं होऊन आम्ही एकदा सातव्या दरवाजापाशी पोचलो. खरंच पोचलो! सगळी बटणं दारात. दादाच्या हातात कवड्या.

वानखडेबाबूंनी मधातच विचारलं, "सुखदेव, तुला ही पाण्याचीच गोष्ट का रे सुचली?"

दादानं वर पाहिलं. "बाबू, तुमच्या घरी विहीर होती न लहानपणापासून?"

"होती की."

"म्हणून तुमाले नाही सुचली."

बाबू खाली पाहू लागले. मास्तर म्हणाले, "डाल सुखदेव, डाल कवड्या." दादानं मूठ वर केली. तेवढ्यात दिगूनं आपलं पितळी बटण एका बोटानं मागं ओढलं.

"मी नाही येत."

"काहून?"

"मले तहान नाही!"

मी मास्तरांचा कापड मोजायचा लाकडी गज उचलला अन् दिगूच्या खांद्यावर असा हाणला की गजाचे दोन तुकडे. मारलं ते चांगलं केलं. आजही तसंच करीन.

अन् दादानं काय करावं? त्यानं दिगूच्या खांद्याला हळद लावली अन् माझं बटण उचलून टेबलाच्या पार काठावर ठेवलं. "तू हद्दपार. टेबलावरचं भांडण टेबलावर ठेवायचं असते."

मार खाणारा राज्यात, अन् सख्खा भाऊ हद्दपार!

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दादाच्या अंगात ताप भरला. तसाच येऊन बसला. घामानं खडू हातात ओला होऊन राहिला होता, नदीची रेघ धड निघेना. दिगूनं त्याही दिवशी प्रधानाचं घोडं विकून खाल्लं. दादानं पितळी बटण खडूच्या चौकोनात ठेवलं.

"जा कैदेत."

"जातो. आत्ता येतो."

"नाही दिगू." दादानं बटणावर बोट दाबून धरलं. "आता मी येऊन काढीन, तवाच निघजो."

"पाहू!" दिगू हसला.

दादा उठला, दाराशी भिंत धरून उभा राहिला अन् माझ्या खांद्यावर हात टाकून घरी आला. दवाखान्यात नेईपर्यंत तो ओळखत होता. मग ओळखेना. सगळं असं लवकर झालं की मायनं अमरावतीहून आमच्या बहिणीला बोलावलं, ती आली तर घरी दुखवट्याची चटई टाकलेली होती.

दवाखान्यात मास्तर आले. वानखडेबाबू आले. दिगू आला नाही. मातीला सगळी गल्ली होती, दिगू नव्हता. त्याचं सायकलचं दुकान मात्र उघडं होतं. येता येता मी पाहिलं, पंक्चर काढत होता. मान वर केली नाही.

मी तेव्हाच ठरवलं, ह्याला एक दिवस पाहून घेईन.

*

महिनाभरानं मास्तरांनी निरोप पाठवला. "सुखदेव की गोष्ट पुरी करेंगे. वानखडेबाबू सांगतील. तू ये."

मी गेलो, पण खेळायला नाही. दिगू असणार म्हणून गेलो. नवा गज कुठं ठेवलेला असतो ते मला माहीत होतं.

मास्तरांनी खडूनं राज्य काढलं. नदी वाकडी, किल्ला सुपासारखा. पण सातही दरवाजे होते. माझं बटण त्यांनी काठावरून उचलून आत घेतलं. वानखडेबाबूंनी घसा खाकरला अन् सगळ्यांना सरळ सातव्या दरवाजापाशी नेऊन उभं केलं. म्हणाले, "आज पोचायचंच. त्याच्यासाठी."

पितळी बटण दारात नव्हतं. दिगूनं आल्याबरोबर ते खिशातून काढून कोपऱ्यातल्या चौकोनात ठेवलं होतं.

"दिगंबर, राजानं तुला माफी दिली. तू सुटला," बाबू म्हणाले. "ये दारात."

"माफी देणारे तुमी कोण?"

"अरे, आज मी सांगणारा आहे!"

"असान. मले ज्यानं टाकलं तो सांगणारा दुसरा होता."

मास्तरांनी बटण बोटानं चौकोनाबाहेर सरकवलं. दिगूनं ते उचललं अन् परत आत ठेवलं, बरोबर मधात.

माझा हात गजावर गेला होता. "अबे, निघ न!" मी ओरडलो. "जिता होता तवा एक दिवस कैदेत राह्यला नाहीस तू! त्याची गोष्ट तूच अडवली, दर वेळी तूच! आज तं निघ! तुह्याबिगर दार उघडत नाही, मालूम हाये न तुले?"

"मालूम हाये."

"मंग?"

"त्यानं सांगतलं, मी येऊन काढीन."

"तो कसा येईन बे आता!"

बाहेर कोणीतरी दिगूच्या दुकानापुढं सायकलची घंटी वाजवत होतं, तो उठला नाही. वानखडेबाबूंनी हातातल्या कवड्या खाली ठेवल्या. मास्तर वाकले, अन् लहान पोराला समजवावं तसं म्हणाले, "दिगू बेटा, भिंत कच्ची है ना तेरी? निकल जा. हमेशा निकलता है."

दिगूनं खडूच्या त्या रेघेवरून एक बोट फिरवलं.

"नाही मास्तर," तो म्हणाला. "भिंत पक्की हाये."