साक्षीदार मिळून येत नाही

"ओरड. तुझ्या भाषेत ओरड."

साहेब असं म्हणाले तेव्हा माझ्या अंगावर काळा कोट होता, गळ्याला पांढरे बँड होते आणि सरकारी वकील म्हणून लागून मला दीड महिना झाला होता. कोर्टाचा व्हरांडा माणसांनी भरलेला. साक्षीदाराच्या नावाचा पुकारा शिपाई करतो, वकील करत नाही. हे साहेबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ते आम्हा सगळ्या सरकारी वकिलांचे वरिष्ठ. शिपाई तिथंच उभा होता, हातात यादी घेऊन. साहेबांनी ती यादी त्याच्या हातातून काढली आणि माझ्या हातात दिली.

"हिचीच माणसं आहेत ही. शिपायाचं ऐकत नाहीत. हिचं ऐकतील."

मी ओरडले. मनोरच्या पलीकडं आमच्या पाड्यावर खाचरात गेलेल्या बापाला हाक मारायचे, तशी. नाव घेतलं, त्याच्या बापाचं नाव घेतलं, मग, "वो, हाय का कोनी?" व्हरांड्यातले वकील हसले. एक जण म्हणाला, "चला, माईकचा खर्च वाचला." साहेब हसले.

मीही हसले. ते लपवून हे सगळं सांगण्यात अर्थ नाही. मीही हसले.

त्या दिवसापासून मी माझी बोली जिभेवरून खरवडायला घेतली. बोईसरला भाड्याच्या खोलीत राहायचे. शेजारी सगळे कारखान्यांतले कामगार, हिंदी बोलणारे, म्हणजे ऐकणारंही कुणी नाही. आरशासमोर उभी राहून बोलायचे. आहे. नाही. आम्ही. आपण. वर्षभरात अशी साफ झाले की घरी गेल्यावर आई म्हणाली, "तू पावनी झालीस गं." मला तेव्हा ते कौतुक वाटलं. काय म्हणावं माझ्या अकलेला!

मग लहानूची फाईल आली.

लहानू आमच्या शेजारच्या पाड्याचा. तारापूरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं पिंपं चढवायचा-उतरवायचा. लावणीला घरी जायला चार दिवस सुट्टी मागितली, तर मुकादमानं लोखंडी सळई तोंडावर मारली. डावा डोळा गेला. समोर दोन माणसं होती, त्याच्याच पाड्यावरची, त्याच्याबरोबर पिंपं उचलणारी. त्यांनी सगळं बघितलं होतं. केस उभी राहिली. लहानूनं साक्ष दिली, सरळ दिली, कुठं अडखळला नाही. आता त्या दोघांची साक्ष व्हायची होती.

तोवर दोघांनीही ठेकेदाराचं काम सोडलं होतं. त्यांना समन्स निघालं दिवाळीनंतर.

दिवाळीनंतर आमच्या पाड्यावर कोण असतं? म्हातारी माणसं, कोंबड्या आणि बाहेरून काठी लावलेली दारं. भात झोडून झालं की सगळे वीटभट्टीवर जातात, पोरंबाळं, भांडीकुंडी घेऊन. आणि शिमग्याला परत येतात. कुठंही असोत, भट्टीचा मालक कितीही बोंबलो, होळी पेटायच्या आत माणूस पाड्यावर हजर. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पोलीस गेला, कुलपं नसलेली बंद दारं बघून आला, समन्सच्या पाठीवर लिहिलं, 'सदर साक्षीदार मिळून येत नाही.' महिन्याभरानं परत गेला. परत तेच लिहिलं. कोर्टानं तरी किती थांबावं? पुरावा बंद केला. एकट्या लहानूचा शब्द कोर्टाला पुरेसा वाटला नाही, मुकादम सुटला. होळीला आठ दिवस राहिले होते.

आरोपी सुटला की सरकारनं वरच्या कोर्टात अपील करावं की नाही, यावर सरकारी वकिलाचा अभिप्राय मागवतात. त्याला मुदत असते. तो अभिप्राय लिहायचं काम साहेबांनी मला दिलं. म्हणजे लिहायचं मी, बोलायचं त्यांनी.

"लिही. साक्षीदार मिळून येत नाहीत. पुराव्यात सुधारणा होण्याची शक्यता नाही. सबब, अपील योग्य नाही."

माझं पेन थांबलं. जिभेवर वाक्य तयार होतं. साहेब, ते शिमग्याला येतात. आठ दिवसांत दोघंही आणून उभे करते. वरच्या कोर्टाला सांगू, त्यांची साक्ष घ्या. एवढंच बोलायचं होतं. पण ते बोलले असते तर साहेबांनी मान वर करून विचारलं असतं, "हो का? तुला बरं माहीत!" आणि मग व्हरांड्यात आणखी एक विनोद. माझ्याच तोंडाला कुलूप लागलं. त्यांनी नाही लावलं, मी लावलं.

मी लिहिलं. खाली सही केली. माझी सही वळणदार आहे.

पंधरा दिवसांनी लहानू आला. दुपारची वेळ, ऑफिसात गर्दी. साहेब दारात दोन वकिलांशी बोलत उभे. लहानूनं मला पाहिलं आणि त्याचा चेहराच उजळला. आपलं माणूस दिसलं ना!

"बाय, सुटला म्हनं तो. आता पुडं काय करायचा?"

मोठ्यानं बोलला. आमच्याकडं मोठ्यानंच बोलतात. साहेबांनी वळून बघितलं.

मी म्हटलं, "पुढे काही नाही. आपण घरी जा."

'आपण' म्हटल्यावर त्यानं मागं वळून बघितलं, मागं दुसरं कुणी उभं आहे का म्हणून. मग त्याला कळलं की हे त्यालाच. टोपी डोक्यावर ठेवली आणि गेला.

ते खोटं होतं. पुढं होतं. सरकारनं अपील केलं नाही तरी ज्याला मार बसला त्याला स्वतःला अपील करता येतं. ऐपत नसली तर वकील फुकट मिळतो. हे कायद्यात आहे. मी परीक्षेत त्यावर पानभर उत्तर लिहून आले होते. आणि ज्याचा डोळा गेला त्याला एक ओळ सांगितली नाही.

त्यानंतर तो मला कुठंही दिसतो. बोईसरला शिफ्टची बस समोरून गेली की खिडकीत एक डोळा मिटलेला माणूस बसलेला असतो. नीट बघावं तर दुसराच कुणी, पाळी संपवून पेंगणारा. रिक्षाच्या आरशात दिसतो. तांदूळ धुताना स्वतःचाच आवाज कानात येतो, स्वच्छ, शुद्ध: पुढे काही नाही. माझं लग्न झालं, पोरगी झाली. ती लहान असताना एकदा खेळता खेळता एक डोळा झाकून माझ्याकडं बघून हसली. मी तिच्या हातावर फटका मारला. ती रडली. तिला काय सांगू, का मारलं ते?

आठ वर्षं गेली. मी वर चढले. आता फौजदारी अपिलं बघणाऱ्या नव्या सरकारी वकिलांना शिकवायचं, त्यांचे अभिप्राय तपासायचे, हे माझं काम. सगळे 'मॅडम' म्हणतात.

या वर्षी नव्यांचं प्रशिक्षण पालघरला होतं. सभागृहात वीसेक जण, बहुतेक पंचविशीतले. पहिलं व्याख्यान साहेबांचं. त्यांनी पडद्यावर एक कागद दाखवला. वर लिहिलं होतं, 'नमुना अभिप्राय'.

"बघा. एक पान. फाफटपसारा नाही. असं लिहायला शिका. आपल्या मॅडमचाच आहे हा."

टाळ्या पडल्या. मी पहिली ओळ वाचली. नावं झाकली होती, बाकी शब्द न् शब्द तोच. खाली माझी वळणदार सही.

म्हणजे आठ वर्षं हा कागद एका वकिलाकडून दुसऱ्याकडं फिरत होता. 'मिळून येत नाहीत, सबब अपील योग्य नाही.' असे किती अभिप्राय माझ्या टेबलावर आले, मी त्यातले काने-मात्रे सुधारले आणि पुढं पाठवले! मला ते ओळखीचे वाटायचे आणि मी समजायचे, पोरं चांगलं शिकतायत.

माकुणसारची एक मुलगी होती, वाडी-बागायतवाल्या घरातली, नुकतीच लागलेली. तिनं हात वर केला. "सर, मिळून येत नाहीत म्हणजे गेले कुठे होते ते?"

साधा प्रश्न. आठ वर्षांत कुणी विचारला नव्हता.

साहेब म्हणाले, "अगं, ह्या लोकांचं काय खरं? आज इथे, उद्या तिथे. मॅडमना विचार. त्यांचेच आहेत."

सभागृह हसलं. सगळे माझ्याकडं वळले, मी हसते का ते बघायला.

मी उभी राहिले. "वीटभट्टीवर गेले होते. शिमग्याला परत आले. हे लिहिताना मला ते ठाऊक होतं. हा नमुना नाही, हे पाप आहे, आणि ते माझं आहे."

"मॅडम, बसा. भावनेवर वकिली चालत नाही."

"नाही बसणार."

बोलत राहिले. पोरांना म्हटलं, लिहून घ्या. पाड्यावरच्या साक्षीदाराचं समन्स दिवाळी आणि होळीच्या मधे परत आलं, तर साक्षीदार नाही असं समजायचं नाही. चुकीच्या महिन्यात गेलात असं समजायचं आणि कोर्टाकडं होळीनंतरची तारीख मागायची. आणि आरोपी सुटला की जखमी माणसाला आधी बोलवा. त्याला सांगा, तुला स्वतःला अपील करता येतं. त्याला कळेल अशा बोलीत सांगा, ती येत नसेल तर शिका. साहेब उठून गेले. पोरं लिहीत होती.

पण सभागृहात बोलणं सोपं हो. लहानू तिथं कुठं होता?

रविवारी त्याच्या पाड्यावर गेले. तो ओटीवर कुडाच्या भिंतीसाठी बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. केस पिकलेले. त्याची बायको पारू, तिनं पाहुणी आली म्हणून चुलीवर चहाचं भांडं चढवलं. मी आमच्या बोलीत बोलायला लागले. आठ वर्षं गिळलेली बोली, ती तोंडात नीट बसेना. तरी सगळं सांगितलं. अपीलचं, शिमग्याचं, सहीचं.

लहानूनं कोयता खाली ठेवला. "मंग तवा का नाय सांगलंस?"

"लाज वाटली."

"कशाची?"

"तुमची."

पारूनं चुलीवरचं भांडं उतरवून खाली ठेवलं. पाणी नुकतंच तापायला लागलं होतं. "यांच्या फुटल्या डोल्याची तुला लाज," ती म्हणाली, "आन ज्यानं फोडला त्याची नाय?"



मी सांगितलं की अजून एक दार आहे, पण जवळजवळ बंद. अपील उशिरा करायचं तर उशीर माफ करा असा अर्ज द्यावा लागतो. इतक्या वर्षांचा उशीर सहसा माफ होत नाही. त्याला खरं, ठोस कारण लागतं, शपथेवर. फुकट वकील मी मिळवून देते. आणि कारण मी आहे.

"तसा लिवून देशील?" लहानूनं विचारलं.

"देते."

"तुझ्या नावानं?"

"माझ्या नावानं."

त्यानं कोयता परत हातात घेतला. "मंग लिव. मला तुझी माफी नको. तो मुकादम परत कोर्टात उभा रायला पायजे."

त्या दोघा साक्षीदारांतला एक वारलाय. दुसरा आहे. मी त्याला भेटून आले. त्याला ती सळई अजून आठवते.

मी शपथपत्र लिहितेय हे साहेबांना कळलं. फोन आला. बऱ्याच वर्षांनी 'मॅडम'ची परत 'तू' झाले. "स्वतःच्या हातानं नोकरी घालवतेयस. आणि तुझ्याबरोबर मलाही ओढशील."

"हो साहेब," मी म्हटलं. "ओढणार."

शपथपत्र तयार आहे. त्यात लिहिलंय की अर्जदार लहानू अपिलाच्या मुदतीत सरकारी वकिलांच्या ऑफिसात आला होता. सरकारी वकिलानं, म्हणजे मी, त्याला पुढं काहीही करता येत नाही असं खोटं सांगून परत पाठवलं. या वेळी लिहिताना आणि सही करताना माझं पेन थांबलं नाही.

उद्या अर्ज दाखल होईल. मुकादमाचा वकील मला पिंजऱ्यात बोलवायला सांगेल, मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं. तो विचारेल, मॅडम, तुम्ही तेव्हा जाणूनबुजून खोटं बोललात? मी हो म्हणणार आहे. तो विचारेल, तो अभिप्राय कुणाच्या सांगण्यावरून लिहिलात? साहेब समोर बसलेले असतील. मी त्यांचं नाव सांगणार आहे.