वश्याचा रडीचा डाव

सुनंदावहिनीचा फोन आला तेव्हा मी वश्याच्याच घरी निघालो होतो, मुलुंडला, त्याला चिडवायला. हातात जिलेबीचा पुडा. वहिनी म्हणाली, "भावजी, हे गेले." मी विचारलं, "कुठे गेले?" ...एवढा मी मूर्ख. पोटात गाठ होती, वश्याला कधीपासून ठाऊक होतं. मला नाही सांगितलं. दीड महिना झाला, माझा राग जात नाही. भेटेल तो म्हणतो, सुटला बिचारा. बिचारा कोणाला म्हणता रे?

घाटकोपरला आमचे गाळे शेजारी शेजारी. माझं ग्रिल-शटरचं वेल्डिंग, त्याचं व्हिडिओ गेम पार्लर. मी चौथी शिकलेला, पडद्यावरचं इंग्रजी आजही वाचता येत नाही, पण मारामारीच्या गेमला वाचायला कशाला लागतं? दुपारी शाळा सुटायच्या आधी पार्लर रिकामं असायचं, तेव्हा आम्ही खेळायचो. तो डावीकडच्या हँडलवर, मी उजवीकडच्या. हरलो की मी डावीकडे वळून त्याला सणसणीत शिवी द्यायचो. तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणायचा, "रडू नको. चल, अजून एक चान्स." इतकी वर्षं खेळलो, एकदाही जिंकलो नाही. माझा गाळा जळाला तेव्हा अख्खी गल्ली माझ्याशी हळू आवाजात बोलत होती. वश्याने मला ओढत नेलं, हँडल हातात दिलं आणि धू धू धुतलं. म्हटलं, "आज तरी सोड ना रे!" तर म्हणतो, "सोडायला तू काय भिकारी आहेस?" त्या एका वाक्यावर मी गाळा पुन्हा उभा केला.

त्या काळी आयाबाया पार्लरच्या दारात येऊन त्याला शिव्या घालायच्या, पोरं नासवतो म्हणून. तक्रारी करकरून शेवटी पार्लर बंद पाडलं. आणि आता? वांद्र्याला म्युझियममध्ये व्हिडिओ गेमच्या इतिहासाचं प्रदर्शन, बाहेर ही रांग, आणि रांगेत तसल्याच बाया, नातवंडं घेऊन! वश्यानेच मला फोन करून नेलं. आत पाटी: 'कृपया हात लावा.' तो हसला. "बघ बाळ्या, आपण हात लावला तो अड्डा. ह्यांनी लावला तो इतिहास." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तो म्हणाला, "गप रे. आपलं मशीन बघ." खरंच, तसंच मशीन. तो डावीकडे उभा राहिला.

मी जिंकलो. ओळीने तीनदा. असा ओरडलो की सिक्युरिटीवाला धावत आला. वश्या बोटं चोळत म्हणाला, "म्हातारा झालो रे, चालत नाहीत." मी चाळभर जिलेबी वाटली. भेटेल तेव्हा त्याला टोमणे मारले, पार शेवटपर्यंत.

तेराव्याला वहिनी मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, आज बाळ्याला जिंकवून आलो. किती खूश होते!" पानावरून उठलो मी. हरायला आलं की पोरं खेळ मोडतात, त्याला आपण रडीचा डाव म्हणतो. मुद्दाम हरणं ही त्याहून मोठी रडी. गाळा जळाला तेव्हा ज्याने दया दाखवली नाही, त्याने मरताना दाखवावी? जायचं होतं तर तोंडावर सांगायचं, बाळ्या, चाललो. मी शिवी दिली असती. रडलोही असतो... तेच नको होतं त्याला. माझ्या हातात खोटी जीत ठेवून गेला.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेलो तिथे. त्या मशीनला दुसरा खेळणारा लागतो. गळ्यात ओळखपत्र घातलेली तिथलीच एक मुलगी म्हणाली, "आजोबा, मी खेळू?" म्हटलं, "खेळ. पण म्हातारा बघून सोडलंस तर बघ." हसली आणि डावीकडे उभी राहिली. पोरीने बघता बघता लोळवलं मला. बरं वाटलं... खरंच बरं वाटलं. आणि सवयीने डावीकडे वळून मी शिवी हासडली.

पोरगी मागे सरकली. "सॉरी आजोबा... जिंकायला नको होतं का मी?"

"तुला नाही गं," म्हटलं. हँडल धरून तसाच उभा राहिलो, वश्याचं पुढचं वाक्य ऐकायला. मागून रांगेतला कोणीतरी ओरडला, "काका, झालं ना तुमचं? सरका की!"

नाही सरकलो.